बिनरेघेचं कार्ड

“सिंधू, बाबाले सांग, चहा थंडा होऊन राह्यला.”

बाबा तिथंच बसले होते. त्याच दिवाणावर, लेकापासून दोन हातांच्या अंतरावर, आणि कानांनी ठणठणीत. तरी सिंधूताईंनी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून यायचं, सासऱ्यांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, “मामाजी, चहा थंडा होऊन राह्यला.” मग दयारामजींनी बशीकडं बघत उत्तर द्यायचं, “त्याले सांग, मले थंडाच लागते.” ते सिंधूताईंनी मान वळवून नवऱ्याला सांगायचं. नवऱ्यानं मान हलवली की त्या परत आपल्या कणकेकडे.

तीस वर्षं हे असं चाललं होतं, बाबा गावाहून आले की समोरासमोर, एरवी फोनवरून. पोस्टमनला निदान रविवारची सुट्टी असते, सिंधूताईंना तीही नव्हती. बरं, बाप-लेकाचं भांडण म्हणावं तर तसं काही नव्हतं. शिवीगाळ नाही, वाटणी नाही, कोर्टकचेरी नाही. दयारामजींचा मोतीबिंदू काढला तेव्हा चंद्रशेखर तीन रात्री दवाखान्यातल्या बाकड्यावर झोपला होता. फक्त डोळ्यांत औषधाचे थेंब टाकताना म्हणाला होता, “सिंधू, बाबाले सांग, वर पाहा.”

झालं होतं ते एवढंच. चंद्रशेखर नुकताच बुलढाण्यात बाबू म्हणून लागला होता, आणि त्याच कार्यालयाच्या दारावरचा बोर्ड लिहिण्याचं काम धामणगाव बढ्याच्या दयाराम पेंटरला मिळालं होतं. पेंटर शिडीवर, खाली व्हरांड्यात साहेब आणि नवा बाबू. साहेब अक्षरावर खूश झाले आणि सहज विचारलं, कोण हो हा पेंटर, तुमच्या ओळखीचा आहे का? चंद्रशेखर म्हणाला, “गावाकडचा आहे.” खोटं काही नव्हतं त्यात. पण शिडीवरून सगळं ऐकू येतं. दयारामजींनी बोर्ड पुरा केला, ब्रश घासलेटात धुतले, शिडी सायकलला बांधली आणि ते गावाला गेले. त्या दिवसापासून लेकाला जे सांगायचं ते सुनेमार्फत. लेकानंही कधी विषय काढला नाही. कसा काढणार? लाज वाटली की माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसायची एकदा सवय लागली की तोंड उघडायला निमित्त सापडत नाही.

तर असा हा चंद्रशेखर येत्या शुक्रवारी, मे महिन्याच्या एकतीस तारखेला, निवृत्त होत होता. एकटा नव्हे. त्या कार्यालयातले सात जण एकाच दिवशी. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल, इथल्या कोणाला वाटत नाही. त्या पिढीच्या आईबापांना पोराचा जन्म ‘तुरीच्या हंगामात’ किंवा ‘मोठ्या पुराच्या साली’ एवढाच ठाऊक. मास्तर शाळेत नाव घालताना सगळ्यांची एकच तारीख टाकून मोकळे व्हायचे, एक जून. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्याचे वाढदिवस एका दिवशी आणि निरोपसमारंभ त्याच्या आदल्या दिवशी. सिंधूताईंच्याही दाखल्यावर एक जूनच होती. त्यांची आई सांगायची की तू थंडीतली आहेस, पण दाखल्यापुढे आईचं कोण ऐकतं.

आणि हा एकतीस मे म्हणजे धम्मशीलेचा हंगाम.

धम्मशीला ही त्यांची धाकटी. चित्रकलेची पदविका घेऊन बसलेली, मास्तरकीची जागा निघेल म्हणून वाट पाहणारी. वाट पाहता पाहता तिनं कार्डं करायला सुरुवात केली होती. जाड खरबरीत कागद, त्यावर पाण्याच्या रंगात पळस, कापसाचं बोंड, नाही तर कोणाच्या दारातला मोगरा, आणि शेजारी हातानं लिहिलेली अक्षरं. आधी मैत्रिणींचे वाढदिवस, मग बुद्धपौर्णिमा, मग कोणाच्या पोरीला नोकरी लागली म्हणून, कोणाचं घर झालं म्हणून. रवीनं, तिच्या भावानं, पुण्यात बसून मोबाईलवर ‘रंगरेघ’ नावाचं पान काढून दिलं. शेगावात सुवर्णाआत्याच्या स्टेशनरीच्या दुकानात कार्डं ठेवली जाऊ लागली. एप्रिल संपला की निवृत्तीच्या कार्डांची झुंबड. मेच्या उन्हात रंग कागदावर पसरायच्या आतच वाळायचा, कूलर लावला तर कागद फडफडायचे. म्हणून पोरगी पहाटे चारला उठून पाण्याचं काम उरकायची आणि दुपारी अक्षरं काढायची.

पण अक्षरं ती नुसती टांगलेली ठेवायची, वरची रेघ न देता. शनिवारी सगळी कार्डं शंकरपाळ्याच्या चपट्या डब्यात घालून एसटीनं धामणगावला न्यायची. तिथं दयारामजी रेघ ओढायचे. त्यांचा हात आता कापतो, चहाची बशी ओठापर्यंत जाईतो अर्धी रिकामी होते. अक्षर त्यांच्याच्यानं होत नाही. पण ब्रश कागदाला टेकला आणि सरळ चालू लागला की तो हात कुठं कापत नाही, हे कोडं डॉक्टरलाही नीट सांगता आलं नव्हतं. श्वास धरून ते डावीकडून उजवीकडं एक रेघ ओढायचे आणि सुटी सुटी अक्षरं शब्द होऊन जायची. धामणगावच्या त्या दोन खोल्यांत, कडुनिंबाखालच्या खिडकीशी, म्हातारा आठवडाभर त्या शनिवारसाठी दाढी करून बसलेला असायचा.

चंद्रशेखरनं यातलं एकही कार्ड कधी उघडून पाहिलं नव्हतं. पोरीचा छंद आहे, करू दे, इतकंच. रंगाचा वास आला की तो पेपर घेऊन अंगणात जायचा.

आता सरकारी क्वार्टर सोडायची होती आणि पुढं कुठं, यावर समारंभासाठी जमलेल्या घरच्यांची बुधवारी दुपारी आमरसावर बैठक बसली. बैठक म्हणजे ठरलेलंच पुन्हा बोलायचं. रवीनं पुण्यात एक खोली-स्वयंपाकघराची जागा पाहिली होती, रविवारचा टेम्पो सांगून ठेवला होता. धम्मशीलेला त्याच्या मित्राच्या ऑफिसात टेबलावर बसायचं काम होतं. सुवर्णाचं म्हणणं, बाबाला ती शेगावला घेऊन जाते, तिच्याकडं वरची खोली रिकामीच आहे, भाऊ आणि वहिनीनं बिनधास्त जावं. आपण किती मोठं काम मार्गी लावलं या समाधानात तिनं दुसरी वाटी रस घेतला.

दयारामजी कुरडई मोडत बसले. सिंधूताईंनी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. त्यांना जे दिसत होतं ते बाकीच्यांना कसं दिसत नव्हतं कोण जाणे. पोरगी पुण्याला आणि म्हातारा शेगावला, म्हणजे अक्षरं एका गावी आणि रेघ दुसऱ्या गावी. पोरीचा ब्रश सुटला म्हणूनच समजा. आणि म्हाताऱ्यानं दाढी तरी कोणासाठी करायची?

त्यांनी धीर करून विचारलं, धामणगावचं घर काय वाईट आहे? दोन खोल्या आहेत, विहिरीला पाणी आहे, पेन्शन कुठंही मिळते. चंद्रशेखरनं ताटातून मान वर केली नाही.

“तिथं आपलं कोन हाय?” तो म्हणाला.

हे त्यानं कोणाला दुखवायला म्हटलं नव्हतं. शेजारपाजार, सगेसोयरे, इतकंच त्याच्या मनात होतं. पण बाप ताटाला ताट लावून बसलेला. सुवर्णानं वाटी खाली ठेवली. दयारामजी उठले, हात धुतले आणि सुनेला म्हणाले, “सिंधू, त्याले सांग, रस चांगला झाला होता.” हा निरोप सिंधूताईंनी काही पोचवला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

गुरुवारी दुपारी दुसरंच उपटलं.

चंद्रशेखरच्या कार्यालयातला राजकुमार म्हणून एक तरणा कारकून होता. समारंभाचं सगळं त्याच्या गळ्यात. त्यानं मोबाईलवर ‘रंगरेघ’चं पान पाहून साती जणांसाठी कार्डं सांगितली होती. रंगरेघवाली मॅडम म्हणजे हिवराळे बाबूंची मुलगी, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं, बाबूंनी घरातलं कधी काही सांगितलंच नव्हतं. धम्मशीलेनं फक्त आईला सांगितलं आणि काम घेतलं. प्रत्येक कार्डावर त्या त्या माणसाचं काहीतरी काढायचं असा तिचा नियम, म्हणून तिनं माहिती मागवली. राजकुमारनं लिहून पाठवली. एका मॅडमना मोगरा आवडतो, एक साहेब सायकलवर येतात, एकांच्या डब्यातली मिरचीची भाजी प्रसिद्ध आहे. शेवटी लिहिलं होतं, ‘हिवराळे बाबू. विशेष माहिती नाही. कमी बोलतात.’

ते वाचून धम्मशीला रडली होती. तीस वर्षं ज्या खुर्चीवर माणूस बसला, त्या खुर्चीला त्याच्याबद्दल सांगायला एक ओळ नव्हती. सिंधूताईंनाही गलबललं, पण त्यांनी पोरीला ओरडून घेतलं, म्हणाल्या, तुले तर माहीत हाय ना, मग तू काढ.

आणि तिनं काढलं होतं. सिंधूताईंनी गुरुवारी दुपारी ते कार्ड हातात घेतलं तेव्हा त्या खाली बसून ते नीट पाहू लागल्या. गेरूची तांबूस भिंत, तिला टेकवलेली लाकडी शिडी, पायथ्याशी रंगाचे तीन डबे, आणि भिंतीवरून एका बाजूनं सुटून लोंबत असलेली एक दोरी. भिंतीवर नाव, ‘चंद्रशेखर’. ठसठशीत, दयाराम पेंटरच्या जुन्या वळणाचं. पण रेघ नाही. साती कार्डांतल्या बाकी सगळ्या शब्दांवर रेघ होती, याच कार्डात आतल्या शुभेच्छेवरही होती. फक्त या एका नावाची अक्षरं उघडी.

दोरीचं काय ते सिंधूताईंना ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नवऱ्यानंच सांगितलं होतं, आणि सांगताना हसला होता. मोठ्या भिंतीवर, लांब बोर्डावर रेघ एकट्यानं होत नाही. खडूच्या भुकटीत घोळलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ पांढरी खूण उमटते. तिच्यावरून मग ब्रश. शाळा सुटली की दुसरं टोक धरायला चंद्रशेखर. सहाव्या वर्षापासून नोकरी लागेपर्यंत, पंचक्रोशीतल्या प्रत्येक भिंतीवर.

“आबा रेघ देत नाहीत,” धम्मशीला म्हणाली. बाकी साऱ्यांची ओढली, याच्याजवळ येऊन ब्रश ठेवून दिला. ती म्हणाली होती, दोरी मी धरते. तर नको म्हणाले.

सिंधूताई उठून तरातरा अंगणात गेल्या. दयारामजी सावलीत खाटेवर बसले होते, कापणारा हात दुसऱ्या हाताखाली दाबून.

“मामाजी, येवढ्याशा नावाले दोरी लागते का? भर सभेत उघडतीन ते कार्ड. काय म्हनतीन लोक? एक रेघ, देऊन टाका ना.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग म्हणाले, “सिंधू, म्या त्याच्यावर राग नाई धरला. बायकोची आन घेऊन सांगतो. पोरगं नवं होतं, साहेबापुढं घाबरलं. पन त्याचं नाव मी एकट्यानं कसं पुरं करू? दुसरं टोक त्याच्याजवळ हाय.”

सिंधूताई परत आत आल्या. धम्मशीलेच्या हाताला वळण होतं, ती स्वतः रेघ ओढू शकत होती, कोणाला कळलंही नसतं. तसं त्या म्हणाल्याही. पोरगी म्हणाली, आई, तू सांगशील तर ओढते. आणि ब्रश ओला करून बसून राहिली, आईच्या तोंडाकडं बघत.

सुवर्णा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. भावाची बाजू घेणारी, पुण्याच्या बाजूनं बोलणारी, सगळ्यांच्या सोयी लावणारी सुवर्णा. तिला वाटलं होतं वहिनी लगेच हो म्हणेल. भावाला चारचौघांत खाली बघायला लागणं तिलाही नको होतं. पण ते कार्ड हातात घेऊन तिनं पाहिलं, दोरीच्या लोंबत्या टोकावरून बोट फिरवलं आणि वहिनीला परत दिलं.

सिंधूताईंच्या मनात उलटसुलट चाललं होतं. रेघ दिली तर उद्याचा समारंभ नीट पार पडेल, रविवारी टेम्पो येईल, सगळे आपापल्या वाटेनं जातील आणि हा निरोप्याचा धंदा फोनवरून चालू राहील. नाही दिली तर नवरा चिडेल. चिडला तर पुण्याचं आणखी पक्कं. तीस वर्षं दोघांचे निरोप त्यांनी इकडून तिकडं केले होते, आणि नेहमी तिखट काढून, मऊ करून. हा पहिला निरोप होता ज्यात एक शब्दही बदलायचा नव्हता.

“ब्रश ठेव,” त्या म्हणाल्या. “जसं हाय तसं जाऊ दे.”

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं कार्ड पाकिटात घालून, जिभेनं ओलं करून चिकटवून टाकलं. संध्याकाळी धम्मशीलेनं चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवलेली साती पाकिटं राजकुमार येऊन घेऊन गेला.

शुक्रवारी दयारामजी यायला तयार नव्हते. सुवर्णानं त्यांना नवं धोतर नेसवलं, टोपी घातली, रिक्षात बसवलं आणि वर दटावलं की आता गप बसा, तुमच्या लेकाचा दिवस हाय. पण कार्यालयाच्या दाराशी आल्यावर म्हातारा अडला. वर मान करून त्यांनी बोर्ड पाहिला. तीस उन्हाळ्यांत रंग विटला होता, पण रेघ जागची हलली नव्हती. आत काही ते गेले नाहीत. व्हरांड्यात बोर्डाखालच्या बाकावर बसले. धम्मशीला त्यांच्यासोबत थांबली, मांडीवर तिची ब्रश-रंगांची कंपासपेटी. ती पेटी घेऊन ये असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आत सात जोडपी ओळीनं खुर्च्यांवर. शाल, श्रीफळ, बायकांना साडी, भिंतीवरचं घड्याळ. सिंधूताईंना साडीचा रंगही नंतर आठवला नाही. साहेब एकेकाचं कार्ड उघडून वाचत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मोगऱ्याच्या मॅडम रडल्या, मिरचीच्या भाजीवर हशा पिकला. राजकुमारची छाती फुगली होती. सातवं पाकीट चंद्रशेखरचं.

साहेबांनी ते उघडलं, वाचायला तोंड उघडलं आणि थांबले. कार्ड उलटसुलट केलं. “राजकुमार, हे अर्धवटच राहिलं वाटतं,” ते म्हणाले. राजकुमार लगबगीनं पुढं आला, कार्ड पाहून त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, माफ करा साहेब, त्या रंगरेघवाल्यांची चूक आहे, मी आजच बदलून आणतो. मागं कोणीतरी हसलं.

चंद्रशेखरनं हात पुढं केला. साहेबांनी कार्ड त्याच्या हातात दिलं.

सिंधूताई त्याच्या तोंडाकडं पाहायला धजल्या नाहीत. त्यांची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. तो हात मांडीवर होता, आणि त्याचा अंगठा आणि पहिलं बोट हळूहळू जवळ येऊन एकमेकांना घट्ट चिकटली, जणू त्यांच्यामध्ये काहीतरी बारीक धरलं होतं. ते त्याला तरी कळत होतं का, कोण जाणे. त्यानं कार्ड मिटलं. मग उठला. कमी बोलणारे बाबू बोलायला उठले म्हणून सभा शांत झाली.

“साहेब, बदलून आणायचं काम नाही,” तो म्हणाला. “चूक त्यांची नाही. हे कार्ड माझ्या मुलीनं केलं आहे. आणि वळण माझ्या वडिलांचं आहे. तेच वळण आपल्या दारावरच्या बोर्डालाही आहे, रोज त्याच्याखालून आपण आत येतो.” त्यानं दाराकडं बोट केलं. “तो बोर्ड लिहीत होते तेव्हा मला विचारलं होतं, हा पेंटर कोण. मी नीट सांगितलं नाही. ते माझे बाबा. दयाराम पेंटर, धामणगाव बढे. इतकंच राहिलं होतं.”

तो खाली बसला नाही. कार्ड घेऊन सरळ दाराकडं निघाला. त्याच्या मागं सिंधूताई, त्यांच्या मागं रवी, सुवर्णा, आणि मग काय झालं ते पाहायला अर्धी सभा. शाल खांद्यावरून घसरून जमिनीला लागत होती, ती सुवर्णानं मागून उचलून धरली.

दयारामजी बाकावर होते. आतलं सगळं त्यांना ऐकू आलं असणार, व्हरांड्यात सगळं ऐकू येतं. डोळे पुसावे तर हात कापत होता, म्हणून तसेच बसले होते. चंद्रशेखर समोर उभा राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, डोक्याचे केस गेलेले, पण उभा असा की अंगात शाळेची खाकी चड्डी आहे. सिंधूताई सवयीनं दोघांच्या मध्ये जायला एक पाऊल पुढं झाल्या, आणि मग थांबल्या. जागच्या जागी दोन्ही हातांनी पदर धरून उभ्या राहिल्या.

“बाबा,” चंद्रशेखर म्हणाला, “दोरी हाये का?”

म्हाताऱ्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला. दोरी निघाली, बोटभर जाडीची गुंडाळी, खडूनं पांढरी झालेली. सोबत खडूचा एक तुकडा. किती वर्षं ती त्या खिशात होती आणि किती सदरे बदलले तरी त्या नव्या सदऱ्यात ती कशी जात होती, हे एकट्या सिंधूताईंना माहीत होतं. ते मुक्कामाला आले की कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे त्याच तपासत आल्या होत्या.

धम्मशीलेनं बाकावर कंपासपेटी ठेवली, तिच्यावर कार्ड. रंगाच्या वडीवर दोन थेंब पाणी टाकलं. दयारामजींनी दोरीचं एक टोक स्वतःकडं ठेवलं. दुसरं लेकाच्या हातात द्यायच्या आधी त्यांनी वर पाहिलं, लेकाकडं नाही, सुनेकडं.

“सिंधू, त्याले विचार, रविवारचा टेम्पो कुठी चालला?”

सिंधूताईंनी तोंड उघडलं. पण बाबू त्यांच्या आधी बोलला.

“धामणगावले,” तो म्हणाला. “बाबा, सगळं सामान धामणगावले.”

रवीनं बहिणीकडं पाहिलं, बहिणीनं आत्याकडं. रवीनं खिशातून मोबाईल काढला आणि टेम्पोवाल्याला फोन करायला बाजूला गेला.

चंद्रशेखर बाकापुढं गुडघ्यावर बसला. त्यानं दोरीचं टोक अंगठ्यात आणि बोटात धरलं आणि कार्डाच्या कडेशी टेकवलं. बाप-लेकाची नजरानजर झाली. दयारामजींनी दोरीला एक हिसका देऊन पाहिला. समाधान झालं नाही.

“जोरानं धर बे,” ते लेकाला म्हणाले. “ढिली काऊन सोडून राह्यला?”

“हाव बाबा,” चंद्रशेखर म्हणाला आणि दोरी ताणली.

म्हाताऱ्यानं ती चिमटीत उचलून सोडली. कार्डावर फिकट पांढरी खूण उमटली. मग त्यांनी ब्रश घेतला, श्वास धरला, आणि कापणारा हात कागदाला टेकताच शांत होऊन डावीकडून उजवीकडं चालू लागला. राजकुमार तोंडावर हात ठेवून बघत होता. ओल्या रेघेखाली नाव पुरं झालं. रंग वाळेपर्यंत कोणी हललं नाही, आणि मेचं ऊन, वाळायला कितीसा वेळ लागणार.

पुढं दोघं बोलतच बसले. आधी रेघेचं, मग बोर्डाच्या रंगाचं, मग विहिरीवरच्या मोटरीचं, धामणगावच्या छपराची कोणते पत्रे बदलावे लागतील याचं. चहा आला. दयारामजींची बशी हिंदकळली तेव्हा चंद्रशेखरनं हात लावून ती सावरली आणि म्हणाला, थंडा होऊन राह्यला, घ्या. ते थेट बापाला म्हणाला.

सिंधूताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. दोनदा त्या उगाच उठायला गेल्या, पण त्यांना कोणी हाक मारली नव्हती. सुवर्णा शेजारी येऊन बसली आणि विचारलं, काय झालं वहिनी, रडता काऊन? त्या म्हणाल्या, काही नाही ग. त्या दिवशी त्या कार्यालयातून कागदोपत्री सात माणसं निवृत्त झाली. आठवीला ना शाल मिळाली ना श्रीफळ, आणि तिला त्याचं काहीही वाटलं नाही.